बिनअक्षरी बोधचिन्ह

आमचे सर पहिला चहा कधीच प्यायचे नाहीत. किटली टेबलावर आली की ते चष्मा काढायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे, खिडकीतून खनिजाच्या ट्रकांची रांग बघायचे, आणि तोवर दुसरं कोणीतरी त्याच किटलीतला घोट घेईल याची वाट बघायचे. कोणीच घेतला नाही तर शिपायाला हाक जायची. शिपाई गडहिंग्लजकडचा. खाणीवर कामाला म्हणून आलेला, तिथे कंबर धरली म्हणून आमच्याकडे लागलेला. तो टेबलाशी ताठ उभा राहून अर्धा कप चहा संपवायचा आणि म्हणायचा, "सर, बघा, जित्ता हाय अजून." मग सर आपला कप जवळ ओढायचे. या कामगिरीवर शिपायाला चांगलं पोट सुटलं होतं.

सरांना कोणी विष घालावं असं त्यांनी कोणाचं काहीच वाकडं केलेलं नव्हतं. ते विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाचे प्रमुख होते. विद्यापीठ त्याला 'स्कूल' म्हणायचं, आणि ते होतं डिचोलीत, ट्रकांच्या रस्त्यालगतच्या एका भाड्याच्या इमारतीत. गावातले लोक त्यामुळे आम्हाला शाळामास्तर समजायचे आणि पोराला पहिलीत घ्याल का म्हणून विचारायला यायचे. सर त्यांना दारातच उभं करून विचारायचे, "तुका कोणें धाडला?"

खुर्चीवर बसण्याआधी ते ती उलटी करून बघायचे. नवी छत्री घेतली की तिच्या मुठीला आतून लाल दोरा बांधायचे, म्हणजे कोणी बदलली तर कळेल. टपालाचं पाकीट उजेडात धरल्याशिवाय फोडायचे नाहीत. स्टाफरूममध्ये दोन वर्तमानपत्रं यायची, सर दोन्ही वाचायचे नाहीत. ते वाचायचे किराण्याच्या पुडीला गुंडाळून आलेला तुकडा. त्यांचं म्हणणं, बातमी शिळी झाली की खोटं बोलायला दमते.

आणि कशालाही, म्हणजे अगदी सरकारनं अचानक दिलेल्या सुट्टीलासुद्धा, त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मान जरा तिरकी करून, आवाज खाली आणून ते म्हणायचे, "ह्यातूंत कितें तरी आसा." म्हणजे, यात काहीतरी काळंबेरं आहे.

हा माणूस शिकवायला मात्र बिनतोड होता, आणि तोही संशयाच्याच जोरावर. सुर्ल्याच्या खाणीवर आम्ही मुलांना घेऊन जायचो. एखाद्या मुलाला छान, ठसठशीत नमुना सापडला की तो धावत सरांकडे यायचा. सर दगड हातात घेणार, वास घेणार, जिभेला लावणार आणि विचारणार, "हो फातर हांगाचो कशावरून? कोणी हाडून घालूंक ना कशावरून?" मुलगा बिचारा चढण चढून परत जायचा आणि दगड तिथलाच की कोणी आणून टाकलेला, ते तिथल्या थराशी ताडून बघायचा. सर वर्गात सांगायचे, भूशास्त्र म्हणजे मेलेल्या नदीची जबानी घेणं, आणि जबानी देणारा कधीकधी खोटं बोलतो. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं पुढे मोठमोठ्या जागी गेली. त्यांना कोणीही सहजासहजी फसवू शकलेलं नाही, एवढं मी खात्रीनं सांगते.

मी तिथे रुजू झाले तेव्हा तात्पुरती होते. म्हणजे प्रत्येक सत्राच्या शेवटी सरांनी शिफारस लिहायची, विद्यापीठानं ती मान्य करायची, तेव्हा माझं पुढचं सत्र. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी उलटतपासणी घेतली.

"तूं खंयचें?"

"पेडण्याची, सर."

"पेडण्याचें म्हणल्यार कोणाचें?"

मी बाबांचं नाव सांगितलं, ते नाहीत हेही सांगितलं. मग आजोळ कुठलं, मामा कुठे, मावशी कुठे दिली. मामा सावंतवाडीला म्हटल्यावर त्यांनी मान तिरकी केली. "अर्धें हांगा, अर्धें थंय." मावशीचा मुलगा पेडण्याच्या बातम्या पेपरात देतो हे तेव्हा माझ्या तोंडून सहज निघून गेलं. सरांनी लगेच माझ्या खुर्चीची जागा बदलून दारापासून लांब केली.

अशी चौकशी त्या काळात कोणाला वावगी वाटत नसे. आमचं वेगळं राज्य नुकतंच झालं होतं आणि मराठी-कोंकणीचं भांडण अजून गरम होतं. डिचोलीच्या बसस्टँडवर माणसाचं नाव विचारण्याआधी त्याच्या काखेत कुठला पेपर आहे ते बघत. घरात एक बोलायचं, शाळेत दुसरं शिकलेलो, देवासमोर तिसरंच म्हणायचं, असे आम्ही सगळे. तरी प्रत्येकाला वाटायचं, दुसरा आपली भाषा बगलेत मारून पळतोय. सरांचा स्वभाव जन्माचाच तसा होता. त्या दिवसांत मात्र अख्खा गाव त्यांच्यासारखा झाला होता.

एका सहलीची गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती पुढे लागणार आहे. पेडण्याच्या बाजूचा जांभा दगड दाखवायला आम्ही मुलांना नेलं होतं आणि वाटेत माझं घर लागलं. आईनं सगळ्यांना कोकमाच्या सोलांचं पाणी दिलं. आईची नजर तेव्हाच गेल्यात जमा होती, पण कान तिखट. बाकीचे प्याले खाली ठेवल्याचा आवाज आला, सरांचा आला नाही. ते चष्मा पुसत बसले होते. आई चाचपडत त्यांच्यासमोर आली, त्यांचाच प्याला उचलला, त्यातला चांगला मोठा घोट घेतला आणि उरलेला त्यांच्या हातात दिला. "घेवा मास्तरांनू. काय एक जावचा नाय तुमका."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी तर शरमेनं अर्धी झाले. सरांनी तो उष्टा प्याला घेतला आणि गटागट पिऊन टाकला. परतीच्या बसमध्ये मला एवढंच म्हणाले, "तुजी आवय एकटीच रावता?" हो, आई एकटीच असते, मी म्हटलं. घर माझ्याच पगारावर चालतं हे मी सांगितलं नाही, पण त्यांना ते दिसलं असणार. त्यांना न दिसणारं फार थोडं होतं.

तर बोधचिन्ह. आमच्या स्कूलचं जुनं बोधचिन्ह म्हापशाच्या एका रंगाऱ्यानं काढलेलं होतं. तो जन्मभर ट्रक रंगवायचा. त्याला सांगितलं होतं, एक हातोडा काढ आणि एक चाक. त्यानं ते काढलं, आणि सवयीनं दोन्ही बाजूंना कमळं, वर पंख पसरलेला गरुड आणि खाली दोन टपोरे डोळेही काढले. बोर्ड दारावर चढला आणि कोणाला काही वाटलं नाही, कारण समोरून जाणाऱ्या सगळ्या ट्रकांवर तेच होतं. पण एकदा विद्यापीठाचे कुलसचिव पाहुण्यांना घेऊन आले आणि पाहुण्यांनी विचारलं, गॅरेज मागच्या बाजूला आहे का? त्यानंतर महिन्याभरात हुकूम आला. आता राज्य झालं, स्कूललाही नवा चेहरा हवा. बोर्ड, लेटरहेड, शिक्का, प्रमाणपत्र, सगळं एका धर्तीचं. त्यासाठी पुण्याहून एक डिझायनर येतील.

सरांनी तो हुकूम उजेडात धरला. "चेरो कोण बदलता? जाका लिपपाचें आसता तो." ज्याला लपायचं असतं तोच चेहरा बदलतो, असा त्यांचा न्याय.

डिझायनर आला. तरुण, खांद्याला झोळी, बोलायला गोड. तो 'व्हिज्युअल आयडेंटिटी' असा शब्द वापरायचा. सर त्याला म्हणाले, आयडेंटिटी म्हणजे ओळख ना? आमच्याकडे ओळख पटवायला पोलीस बोलावतात. तो हसला. त्याला वाटलं सर विनोद करताहेत.

त्यानं पहिल्यांदा उगवता सूर्य आणला. सरांनी कागद उलटा धरला, मागून बघितला, वास घेतला आणि विचारलं, "सूर्य कोणाचो?" डिझायनर म्हणाला, सूर्य सगळ्यांचा असतो. सर म्हणाले, निवडणुकीत नसतो. मग समई आली. ती एका धर्माची झाली. माड आला, तो किनाऱ्यावाल्यांचा, डिचोलीचे लोक म्हणतील आमचं काय. निळा रंग एकाचा, हिरवा दुसऱ्याचा, भगव्याचं तर नावच नको. मातीचा तांबडा मला फार आवडला होता, पण सरांनी तो बघितला आणि मान तिरकी केली. "खाणवाल्यांनी पयशे दिले म्हणतले." असं करत करत एकच रंग उरला ज्याच्यावर कोणाचा हक्क नव्हता, राखाडी. आणि आकार उरला तो एकावर एक आडव्या पट्ट्यांचा. डिझायनरनं जीव तोडून समजावलं, हे दगडाचे थर आहेत आणि हीच मिटलेल्या पुस्तकाची पानंही आहेत. मला विचाराल तर ते दारातल्या ओल्या पायपुसण्यासारखं दिसत होतं.

खाली स्कूलचं नाव यायचं होतं. डिझायनरनं विचारलं, कुठल्या भाषेत घेऊ? खोलीत आम्ही तिघंच होतो. तरी सरांनी उठून दार लावलं.

"नाव नको," ते म्हणाले.

"नावाशिवाय बोधचिन्ह? सर, मग ओळख काय राहिली?"

"अक्षर घातलं की भांडण आलं. पहिलं कुठलं, मोठं कुठलं, वर कुठलं. अक्षरंच नसली तर कोण कोणाशी भांडेल?"

मला ते त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं होतं. डिझायनरनं हात जोडले, बिनअक्षरी पट्ट्यांचा कागद सरांच्या हवाली केला आणि पुण्याची गाडी पकडली. सरांनी तो कागद आपल्या ट्रंकेत ठेवला, त्याला स्वतःचं कुलूप लावलं. एका शनिवारी मात्र त्यांनी तो मला दिला. या चिन्हाचा अर्थ काय, रंग कुठे किती वापरायचा, याचं टिपण मराठीत आणि इंग्रजीत करून आण म्हणाले. पाकीट चिकटवून त्यावर त्यांनी स्वतःचा एक केस लावला होता. तो कागद मी पेडण्याला नेला, काम केलं आणि सोमवारी परत आणला. केस अर्थातच तुटलेला होता. उघडल्याशिवाय टिपण कसं करणार? सरांनी तो तुटलेला केस बराच वेळ न्याहाळला.

त्याच आठवड्यात ते चिन्ह पेपरात छापून आलं. पहिल्या पानावर, चांगलं ठळक. वर मथळा, 'स्कूलनं अक्षरं का पुसली?' आणि खाली प्रश्नांची माळ, कुणाच्या भाषेची एवढी भीती, कुणाच्या सांगण्यावरून, लपवण्यासारखं काय आहे.

सकाळी एक शिष्टमंडळ आलं, दुपारी दुसरं. सकाळचे म्हणाले, तुम्ही मराठी पुसलीत. दुपारचे म्हणाले, कोंकणी येऊ घातली होती ती तुम्ही अडवलीत. दोघांच्या हातात कात्रण एकच. दोघांनीही आमच्याच किटलीतला चहा घेतला, त्यामुळे सरांची त्या दिवशी सोय झाली. तिसऱ्या प्रहरी मुलं वर्गाबाहेर बसली आणि कोणीतरी खिडकीची काच फोडली. कुठल्या बाजूच्यानं, ते कधी कळलं नाही.

कागद पेपरात गेला कसा? एकच प्रत होती, ती सरांच्या ट्रंकेत होती, आणि मधे दोन दिवस माझ्याकडे होती. माझा मावसभाऊ त्याच पेपराला बातम्या द्यायचा. हिशेब कोणालाही जमण्यासारखा होता. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायचं. शिपायानंसुद्धा विचारलं, "मॅडम, आसं कशापायी केलासा?" मी मावसभावाला जाऊन विचारलं. तो देवीच्या जत्रेच्या आणि कालव्याच्या बातम्या देणारा माणूस. तो माझ्यावरच चिडला.

सरांनी मला काही विचारलं नाही. ते जास्त वाईट होतं. ट्रंकेची किल्ली कनवटीला गेली, आणि रोज सकाळी भेटल्यावर एवढाच प्रश्न, "मावसभाव बरो आसा मगो?"

कुलसचिव चौकशीला आले. वरच्या मजल्यावर बैठक भरली. त्यांनी फार बोलणं लावलं नाही. "कागद ज्यांनी बाहेर दिला त्यांनी सांगून टाकावं. नाही तर आम्हाला दिसतंच आहे. तात्पुरत्या माणसांबद्दल विद्यापीठाला कारणही द्यावं लागत नाही." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, बाकीचे सगळे बघत होते. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. घरी जाऊन तिला काय सांगायचं, एवढाच विचार डोक्यात राहिला. मी उभी राहिले.

तेवढ्यात सर उठले. "कागद माझ्याकडून गेला," ते म्हणाले. "मी तो गावच्या देवळात नेला होता."

"देवळात? कशाला?"

"प्रसाद लावायला. हे चिन्ह घ्यावं की न घ्यावं. चारचौघं होती तिथे. कोणीतरी बघून काढून घेतलं असेल."

आमच्याकडे मोठं काम काढताना देवाला प्रसाद लावतात. ओल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगावर उजवीडावीकडे चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली पाकळी आधी गळते ते बघायचं. उजवी गळली तर उजवा प्रसाद, म्हणजे देवाचा होकार. सोयरीक, विहीर, नवं घर, कोर्टातला दावा, सगळ्याला लावतात. पण विद्यापीठाच्या बोधचिन्हाला कोणी प्रसाद लावल्याचं ऐकलं नव्हतं. आणि गंमत अशी की ऐकल्यावर कोणाला ते अशक्यही वाटलं नाही. त्या खोलीतल्या प्रत्येकानं कशा ना कशाला पाकळी लावलेलीच होती.

कुलसचिव सरांकडे वळले. "तुम्ही भूशास्त्राचे प्राध्यापक ना हो?"

"होय."

"आणि मग? काय झालं?"

"उजवा पडला," सर म्हणाले.

आधी कोपऱ्यातून कोणीतरी खुसखुसलं आणि मग सगळी खोलीच हसायला लागली. कुलसचिवांनाही आवरेना. सर एकटे हात मागे बांधून उभे होते.

त्यांचं प्रमुखपद गेलं. पणजीहून दुसरे गृहस्थ आले आणि सर साधे प्राध्यापक म्हणून निवृत्त होईपर्यंत त्याच इमारतीत राहिले. 'उजवा पडला' हे त्यांच्या कपाळी चिकटलं ते चिकटलंच. कॅन्टीनमध्ये भजी कशी आहेत विचारलं की कोणीतरी म्हणायचं, उजवा पडला. मुलं फळ्यावर दोन पाकळ्या काढून ठेवायची. ज्या माणसाला जन्मभर एकच धास्ती होती, लोक आपल्याला फसवून हसतील, तो रोज ते फळ्यावर बघायचा, डस्टरनं पुसायचा आणि शिकवायला लागायचा.

मला पुढचं सत्र मिळालं, त्यानंतर कायमची ऑर्डरही. पण सरांचा मला राग आला तो आलाच. स्वतः कागद घेऊन देवळात जायचं आणि इकडे मला आठवडाभर चोरासारखं वागवायचं. मावसभाव बरो आसा मगो! मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागले. निरोपसमारंभात त्यांना शाल दिली, ती त्यांनी आतून उलटी करून तपासली. सगळे हसले. मी हसले नाही, पण पाया पडून लगेच घरी गेले.

बोधचिन्ह शेवटी तेच ठेवलं, राखाडी पट्ट्यांचं. फक्त भोवती एक गोल काढून त्यात सगळ्यांच्या समाधानासाठी सगळ्या लिप्यांत नाव घातलं, इतकं बारीक की कोणालाच वाचता येऊ नये. पावसाळा सरल्यावर ट्रक सुरू झाले आणि बघता बघता अक्षरं, पट्ट्या आणि गोल सगळं धुळीनं तांबडं होऊन गेलं.

मधे बरीच वर्षं गेली. मी त्या खुर्चीत बसले ज्या खुर्चीत सर बसायचे. खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, रस्त्याकडेच्या झाडांचा हिरवा रंग पुन्हा दिसायला लागला. आणि विद्यापीठाला पुन्हा एकदा हुक्की आली, स्कूलला ताजा चेहरा हवा. जुनं लेटरहेड कुठे छापलं होतं ते शोधत मी म्हापशाच्या एका प्रेसमध्ये गेले. मालक म्हातारे झाले होते. बोधचिन्ह बघून त्यांना फार आनंद झाला.

"ह्याचो पयलो ब्लॉक आमीच केल्लो," ते म्हणाले. "त्या पुण्याच्या मनशान एक प्रत कुलसचिवांक पोस्टान धाडिल्ली. थंयच्यान ती आमगेर आयली. तेन्ना पेपर आमच्याच मशिनीर छापताले. आमच्या एका मनशान ब्लॉक पळयलो आनी दिलो पेपरांत घालून. कितें बोवाळ जाल्लो, याद आसा?"

मला आठवत होतं. मी तिथल्या बाकावर बसूनच राहिले. दुसरी प्रत होती, ती कुलसचिवांच्याच कचेरीतून छपाईच्या ठशासाठी या प्रेसमध्ये आली होती, आणि इथल्याच माणसानं ती पेपरात घातली होती. म्हणजे देवळातून काही गेलं नव्हतं. सरांनी उगीचच स्वतःला दोष लावून घेतला होता आणि पद घालवलं होतं. राग होता, तरी मला वाटलं, हे त्यांना सांगायला हवं. मरेपर्यंत त्या पाकळीचं ओझं कशाला?

दुसऱ्या रविवारी मी सुर्ल्याला त्यांच्या घरी गेले. सर सोप्यावर भिंतीला पाठ लावून बसले होते. थकले होते, पण मला बघून आधी माझ्या मागे कोणी आहे का ते बघितलं. मी सगळं सांगितलं. प्रेस, ब्लॉक, कुलसचिवांची प्रत. "तर सर, देवळातून कागद गेला नव्हता. तुम्ही प्रसाद लावलात यात काहीच चुकलं नव्हतं."

काकी, म्हणजे सरांच्या पत्नी, दाराशी उभ्या होत्या. सरांच्या नोकरीतल्या गोष्टी घरी कधी बोलल्या जात नसाव्यात, कारण त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"प्रसाद? हांणी?" त्या म्हणाल्या. "आमची सोयरीक जाताना म्हज्या बापायन प्रसाद लायलो. तर हे भटाक म्हणूंक लागले, उजवे पाकळेक पाणी उणें लायलां. सोयरीक मोडपाचीच बाकी आशिल्ली. त्या दिसासावन हे देवळाची पायरी चडूंक नात. चिन्ह घेवन खंय वतले?"

"तुका कोणें विचारलां?" सर काकींवर खेकसले. त्या आत चहा ठेवायला गेली.

म्हणजे लग्नाआधीपासून सर देवळाची पायरी चढलेच नव्हते. त्यांनी चष्मा काढला.

"सर, मग तुम्ही तसं का सांगितलंत?"

"दुसरें कितें सांगतलों? कुलसचिवाक कोणाचें तरी नांव जाय आशिल्लें."

"माझं सांगायचं होतं. तुम्हाला माझाच संशय होता ना?"

"संशय न्हय." त्यांनी चष्मा पुसला. "खात्री आशिल्ली."

बाहेर कुठेतरी कोंबडं ओरडत होतं. सर भिंतीकडे बघून बोलायला लागले, जसे काही भिंतीलाच सांगताहेत. "तुजी आवय एकटी. दोळ्यांनी दिसना तिका. तुजी नोकरी गेल्यार तिणें कितें खावपाचें? तुवें केलें तें वायट केलें. पूण वायट केलें म्हूण आवयन कित्याक उपाशी रावप? म्हजी नोकरी कायम. लोक हांसपाचे. हांसूं दी."

माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी असा संताप आला की उठून त्यांना गदागदा हलवावं. या माणसानं माझं पोट वाचवायला आपलं हसं करून घेतलं होतं, आणि इतकी वर्षं मला चोर समजत होता. दोन्ही एकाच मनानं.

"सर, मी नव्हता दिला कागद. खरंच नव्हता. प्रेसवाल्यांनी स्वतः सांगितलं मला."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग मान हळूहळू तिरकी झाली.

"प्रेस म्हापशाची म्हणटा न्हय?"

"हो."

"तुज्या मावसभावाची बायल म्हापशाची."

"सर!"

"ह्यातूंत कितें तरी आसा," सर म्हणाले, पण अगदी मायेनं, जसं काही मला सांभाळून घेताहेत.

काकींनी चहाचे दोन कप आणून मधल्या स्टुलावर ठेवले. सरांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला, लावला आणि रस्त्याकडे बघायला लागले. तिथे बघण्यासारखं आता काहीच नव्हतं, एकही ट्रक नव्हता. मला आईचा प्याला आठवला. मी हात पुढे करून त्यांचा कप उचलला, त्यातला घोट घेतला आणि परत त्यांच्यासमोर ठेवला.

"बघा सर, जिवंत आहे अजून."

मग सरांनी कप जवळ ओढला.